पुस्तकलेचे मासे

यंत्रावर सहाचा आकडा आला, तसं समीक्षानं ते हातरुमालानं पुसलं, बाटलीतलं पाणी ओढ्यात ओतलं आणि दहा पावलं वर जाऊन नवं पाणी भरलं. पुन्हा सहा.

"मागच्या हप्त्यात सहा, या हप्त्यात सहा," ती म्हणाली. "काकाजी, या ओढ्यात एक गप्पी मासा नाही. आम्ही तीनदा जाळं फिरवलं. मग हा आकडा कुठून येते?"

वासुदेव नेवारे काठावरच्या दगडावर बसला होता. "यंत्र बिघडलं असंल," तो म्हणाला.

"तिन्ही यंत्रं?"

त्यानं दगडावरून उठून पिशवी तिच्यापुढे धरली.

वासुदेवनं सत्तरी ओलांडली होती. तीस वर्षं तो हिवताप खात्यात फवारणीवाला होता. या भागातली प्रत्येक विहीर, शेताला पाणी देणारी प्रत्येक बोडी, गुरांच्या पाण्याचा प्रत्येक हौद त्याला ठाऊक, म्हणून समीक्षा त्याला बरोबर घेऊन फिरायची. ती उरकुडा मारबतेची धाकटी मुलगी. तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत वाढली, शिकून माशांची डॉक्टर झाली आणि गप्पी हटवायचा प्रकल्प घेऊन आपल्याच गावात परत आली.

तिच्या यंत्राला गाव 'नाकाडं' म्हणायचं, कारण ते पाण्याचा वास घेऊन मासा ओळखतं असा सगळ्यांचा समज होता. तो फार चुकीचाही नव्हता. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव मागे काहीतरी सोडत असतो. सुटलेला खवला, अंगावरचा बुळबुळीतपणा, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्या जातीचा आनुवंशिक धागा असतो. दुसऱ्या कोणत्याही जातीशी न जुळणारा. यंत्र वाटीभर पाण्यात तो धागा शोधायचं आणि किती सापडला त्याचा आकडा दाखवायचं. मासा डोळ्यांना दिसायची गरज नव्हती. मासा मेल्यावरही ती खूण पाण्यात आठ-पंधरा दिवस राहायची. मग ऊन आणि जिवाणू मिळून तिला संपवायचे.

"एकवीस दिवस राह्यले," समीक्षा बाटली पिशवीत टाकत म्हणाली. "त्याच्या आत सगळीकडे शून्य आलं नाही तर बोटरी अन् काचकी, आपले इथले मासे, तलावात सोडायची परवानगी नाही. पुढच्या साली पाहू म्हणतील. अन् बाबांचं तुम्हाला माहीतच आहे."

उरकुडाचं वासुदेवला माहीत होतं. छातीत पाणी भरत होतं. तलावात पुन्हा काचकी चमकलेली पाहायची, एवढ्यावरच म्हातारा तग धरून होता.

घरी परतताना वासुदेव नेहमीपेक्षा हळू चालला. ओढ्यात गप्पी नाही हे खरं होतं. तलावात नाही, विहिरींत नाही, हेही खरं. पण एक गप्पी त्याच्या परसातल्या टाक्यात होती.

*

लग्नाला पाच वर्षं झाली होती तेव्हा वासुदेव आणि त्याची बायको पुस्तकला यांची मुलगी छबी हिवतापानं गेली. तीन वर्षांची होती. ताप सकाळी आला आणि तिसऱ्या दिवशी डोक्यात चढला. फवारणीवाल्याच्याच घरात हिवतापानं पोर गेलं, असं लोक बोलले. वासुदेवच्या तोंडावरही बोलले.

पुस्तकला कोणाला काही बोलली नाही. नावात पुस्तक असून तिचं शिक्षण चौथीपर्यंतच. तेरावं झालं आणि ती आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिथे गप्पी माशांच्या पैदाशीचं सिमेंटचं टाकं होतं. शेवाळलेलं, कोणी न पाहणारं. "हे मासे मी पाहीन," ती डॉक्टरांना म्हणाली.

गप्पी म्हणजे बोटाच्या पेराएवढा मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांमधला. डासांच्या अळ्या आवडीनं खातो म्हणून त्याला जगभर नेऊन सोडलं. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आणि महिन्याच्या महिन्याला देतो. घाण पाण्यात जगतो, उन्हात जगतो. पुस्तकला दुधाच्या किटलीत मासे भरायची, तोंडाला ओलं फडकं बांधायची आणि चालत सुटायची. दोन वर्षांत पंचवीस गावांतली एकही विहीर तिनं सोडली नाही.

मोठ्या तलावात गप्पी सोडायचे नाहीत, असा नियम होता. वासुदेवनं तो नियम लोकांना वाचूनही दाखवला होता. पण तलावाच्या उथळ कडेला, धुण्याच्या चपट्या दगडापाशी, अळ्या नुसत्या वळवळायच्या, आणि छबी तिथेच खेळायची. एका संध्याकाळी पुस्तकलेनं तिथे दोन किटल्या रित्या केल्या. दुसरी किटली वासुदेवच्या हातात होती.

हिवताप हटला. फवारणीनं किती, औषधानं किती, मच्छरदाणीनं किती आणि माशांनी किती, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण तलावातली काचकी आधी गेली. आरपार दिसणारा, उन्हात भिंगासारखा चमकणारा तो इवलासा मासा. मग बोटरी गेली. गप्पी त्यांची अंडी खायचे, नुकती फुटलेली पिल्लं खायचे. एके दिवशी उरकुडा भरलं जाळं घेऊन वासुदेवच्या अंगणात आला आणि त्यानं ते तिथेच उलटं केलं. हजारभर गप्पी मातीत तडफडले.

"घे वहिनी, रांध," तो म्हणाला. "तलावात आता हेच पिकते."

त्यानंतर सव्वीस वर्षं त्यानं त्या अंगणात पाय ठेवला नाही.

पुढे समीक्षा प्रकल्प घेऊन आली, तेव्हा आधी पुस्तकलेकडे आली. तलावात विष टाकलं तर बाकी सगळंच मरेल, म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली होती. प्रयोगशाळेत गप्पीचे असे नर तयार केले होते की त्यांना होणारी सगळी पिल्लं नरच निघावीत. त्या पिल्लांची पिल्लंही नर. दर पिढीला माद्या घटत जायच्या. शेवटी तलावात नुसते नर उरायचे, आणि ते आपलं आयुष्य जगून मरून जायचे. जाळं नाही, विष नाही. फक्त घरात मुलगी जन्मायची थांबते.

पुस्तकलेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माळ्यावरून किटली काढून समीक्षापुढे ठेवली. "टाकले मी, काढाले बी मीच येतो," ती म्हणाली. "कोणती विहीर म्हणशील ती दाखवतो तुले." दीड वर्ष ती समीक्षाबरोबर फिरली. मग एका थंडीत न्यूमोनियानं गेली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

*

घरचं टाकं परसात, पालकाच्या वाफ्याला लागून होतं. आरोग्य केंद्रातलं टाकं बंद झालं तेव्हा पुस्तकलेनं उरलेले मासे घरी आणले होते. सकाळी ती स्टीलची वाटी टाक्याच्या कडेवर तीनदा वाजवायची. टण, टण, टण. मग डाव्या कोपऱ्यात चिमूटभर कोंडा टाकायची. मासे वाटीच्या आवाजाला डाव्या कोपऱ्यात गोळा व्हायला शिकले. ती गेली, तरी व्हायचे. वासुदेव वाटी वाजवायचा, मासे यायचे, आणि तेवढ्या वेळापुरतं त्याला वाटायचं की घरात तिला ओळखणारं आपल्याशिवाय दुसरंही कोणी आहे.

सात महिन्यांपूर्वी घरोघरचे गप्पी जमा करायचा हुकूम निघाला. वासुदेवनं बावन्न मासे दिले. एकही नर मागे ठेवला नाही, दहादा पाहून दिले. एक मादी ठेवली. तिच्या शेपटीची कड फाटलेली होती, म्हणून ती ओळखू यायची. पुस्तकला होती तेव्हाचीच होती ती. तिच्या हातची वाटी ऐकलेली तेवढी एकच उरली होती.

एकटी मादी, जवळ नर नाही, ती करून करून काय करणार, असा त्याचा हिशेब होता. म्हातारी होऊन मरेल आपली.

तीस वर्षं त्यानं मासे वाहिले होते. पण पाळले होते पुस्तकलेनं. म्हणून जे तिला ठाऊक असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

ओढ्यावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वाटी वाजवली. मादी आली. तिच्यामागून शेवाळातून काहीतरी हललं. त्यानं चष्मा लावला. नुसते डोळेच दिसणारे, पापणीच्या केसाएवढे जीव. वीस असतील, तीस असतील. आईच्या मागे थोडं यायचे, बिचकून परत फिरायचे.

वासुदेवच्या हातून वाटी पाण्यात पडली. आणि तो हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा एकटाच मोठ्यानं हसला. "पाह्य व," तो म्हणाला, "पाह्य, पोरं झाली!" म्हणताना मान वळली ती स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात कोणी नव्हतं.

चार दिवसांत पिल्लं वाटीला यायला लागली. पुस्तकलेला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज ऐकला नव्हता. आई जाते म्हणून तीही डाव्या कोपऱ्यात जायची.

पाचव्या दिवशी तो ओढ्यावर गेला. समीक्षा पाणी भरत होती.

"पोरी, एक विचारतो," तो म्हणाला. "एकटी मादी असंल, नर नसंल, तरी तिले पिल्लं होतात का?"

समीक्षाचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही. "गप्पीला होतात जी. नराचं बीज ती पोटात साठवून ठेवते. थोडं थोडं काढून वापरते. आठ महिनेसुद्धा पुरते तिला ते. कधी आपलीच पिल्लं खाऊन टाकते, म्हणून मधे काही महिने दिसतही नाहीत. नर मेल्यावरही त्याची पिल्लं होत राहतात."

"मेल्यावर?"

"हो जी. म्हणूनच एक जुनी मादीसुद्धा धोक्याची. तिच्या पोटात आपण सोडलेल्या नरांचं नाही, जुन्या नरांचं बीज राहते. तिला मुली होतात. एका मुलीपासून दोन सालांत तलाव भरते." बाटलीचं झाकण लावून ती उभी राहिली. "काहून विचारलं?"

"असंच."

ती यंत्राकडे पाहत राहिली. आकडा अजूनही सहाच होता.

*

आणखी तीन दिवस वासुदेव ओढ्यावर गेला नाही. पाय दुखतो म्हणून कळवलं. सकाळ-दुपार टाक्याशी बसून राहायचा. टाकं भरून वाहिलं तर पाणी पालकात जाणार, पालकातून नालीत, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून तलावात. हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं. आकडाही त्याच वाटेनं गेला होता. रोज तो टाक्यातलंच पाणी पालकाला घालायचा. मासा घरीच होता, पण माशाची खूण रोज ओढ्याला पोचत होती.

दोन-चार पिल्लं एखाद्या बरणीत घालून ती माळ्यावर लपवावी, हा विचार त्याच्या मनात आला. त्यानं लोणच्याची बरणी धुऊनसुद्धा ठेवली. पण ती बरणी हातात घेतली की पुस्तकला किटली घेऊन समीक्षापुढे बसलेली दिसायची. टाकले मी, काढाले बी मीच येतो.

चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. उरकुडा होता. काठी टेकत, दर चार पावलांना श्वास घ्यायला थांबत आला होता. अंगणाच्या मध्यावर, जिथे त्यानं जाळं उलटं केलं होतं, तिथेच थांबला.

"बसाले सांगशील का सव्वीस वर्षं उभाच ठेवशील?" तो म्हणाला.

वासुदेवनं खाट ओढली. पाणी दिलं. उरकुडानं तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या.

"परवानगी आली तर बारा दिवसांनी, सोमवारी काचकी सोडून राह्यले," तो म्हणाला. "पहिली किटली मी सोडाव म्हणते पोरगी. मी म्हटलं, नाई. तो वासुदेव सोडंल. वहिनी असती तर तिलेच सांगितलं असतं."

"मले कायले? आमीच तर..."

"हो, तुमीच माहा तलाव खाल्ला. ते मी मरेपर्यंत म्हणीन." उरकुडाला खोकला आला, तो ओसरेपर्यंत थांबला. "पण समीक्षाच्या आधी माहे दोन पोरं गेले होते तापानं. हे पोरगी वाचली. ते वहिनीच्या माशानं वाचली का सरकारच्या गोळीनं, मले का माहीत? दोन्ही गोष्टी मी पाह्यल्या, दोन्ही खऱ्या. आता बुढेपणी कोणती एक धरून बसू?"

वासुदेवनं रिकामा तांब्या खाटेखाली सरकवला. मग उठला. "इकडे ये," तो म्हणाला आणि परसाकडे चालू लागला.

टाक्यापाशी गेल्यावर उरकुडानं एकदाच आत पाहिलं. शेवाळाखालची सावली त्याला लगेच दिसली. जन्मभर पाणी वाचलेला माणूस होता तो. शिवी देईल असं वासुदेवला वाटलं. ती आली नाही.

"किती हाय?"

"मादी एक. पिल्लं मोजली नाई."

"बोलाव पोरीले."

समीक्षा आली ती बर्फाची पेटी आणि दांडीची बारीक जाळी घेऊनच. तिच्या हातात पेटी पाहून वासुदेव म्हणाला, "तुले माहीत होतं."

"तुमच्या नालीत अकरा आकडा आला होता, काकाजी. आठ दिवस झाले."

"मग बोलली काहून नाई?"

"काकूनं मला विचारायला लावलं नव्हतं कधी. स्वतःच किटली पुढे ठेवली होती." ती टाक्यात पाहत म्हणाली. "वाटलं, तुम्हीपण सांगाल. उद्यापर्यंत थांबणार होते. मग मात्र आलेच असते."

"तुह्या प्रयोगशाळेत नाई का ठेवता येणार? काचेत. बंद."

"नाही जी. एकही जिवंत ठेवणार नाही असं सरकारला लिहून दिलं आहे. बर्फाच्या पाण्यात टाकले की त्यांना फार कळत नाही. लगेच होते."

तिनं जाळी पाण्यात घातली. मादी शेवाळात शिरली, पिल्लं फुटून चारी बाजूंना पळाली. उरकुडानं प्रयत्न केला. जन्मभर जाळं फेकलेला हात, पण दोनच आली. पाणी उपसायचं म्हटलं तर एखादं पिल्लू गाळातून नालीत जायची भीती. एक गेलं तरी सगळं फुकट होतं.

"सरका," वासुदेव म्हणाला.

तो आत गेला आणि पुस्तकलेची किटली घेऊन आला. समीक्षानं तिच्यात बर्फ घातला, पाणी ओतलं. त्यानं जाळी डाव्या कोपऱ्यात पाण्याखाली आडवी धरायला सांगितली आणि वाटी हातात घेतली.  दोन हातांत धरून त्यानं ती कडेवर वाजवली.

टण. टण. टण.

मादी आली. फाटकी शेपटी हलवत सरळ कोपऱ्यात आली. तिच्यामागे पिल्लं आली. या वेळी बिचकली नाहीत, एकही परत फिरलं नाही. त्यानं चिमूटभर कोंडा टाकला. ती खायला लागली.

"खाऊ दे," तो म्हणाला.

समीक्षा थांबली. कोंडा संपेपर्यंत तिघंही थांबले. मग तिनं जाळी उचलली.

पाच वेळा वाटी वाजवली. सहाव्यांदा कोणी आलं नाही, सातव्यांदाही नाही. एक मादी, तेहेतीस पिल्लं. मग तिघांनी मिळून टाकं फडक्यातून उपसलं, गाळ उन्हात पसरला, भिंती चुन्यानं घासल्या. आरोग्य केंद्रातून हिंडताना पुस्तकला घरोघर सांगायची, आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवा. तिचं स्वतःचं टाकं मात्र पंधरा वर्षांत कधी कोरडं झालं नव्हतं.

*

ओढ्यातला आकडा दुसऱ्या दिवशीही सहाच होता. मग पाच झाला. वासुदेव रोज जायचा, समीक्षाच्या आधी जाऊन दगडावर बसायचा. बाकी सगळे आकडा उतरायची वाट पाहत होते. तो काय पाहत होता ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

तीन. मग दोन. दोनवर तो तीन दिवस अडून राहिला, तेव्हा समीक्षाचा जीव खालीवर व्हायचा, आणि वासुदेवला त्या तीन रात्री शांत झोप लागली.

रविवारी सकाळी तिनं पाणी भरलं, यंत्र लावलं आणि काही न बोलता त्याच्यापुढे धरलं.

"पुन्हा एकदा पाह्य," तो म्हणाला.

तिनं पुन्हा पाहिलं. दहा पावलं वर जाऊन पाहिलं. शून्यच होतं.

"माणसाचं किती दिवस राह्यते?" त्यानं विचारलं. "घरात?"

"त्याचं यंत्र नाही काकाजी."

"नाई तेच बरं," तो म्हणाला आणि उठला.

परवानगी संध्याकाळीच आली. सोमवारी तलावावर अर्धं गाव जमलं. वासुदेवनं किटली चारदा धुतली होती, उन्हात वाळवली होती. समीक्षानं तिच्यात काचकी ओतली. शंभरेक असतील. पाण्यात त्या दिसतच नव्हत्या. ऊन पडलं की तेवढी एक चमक दिसायची, काट्याची बारीक रेघ दिसायची. धुण्याचा चपटा दगड अजून तिथेच होता. उरकुडाला दोघांनी धरून दगडावर बसवलं. वासुदेव गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरला आणि त्यानं किटली हळूहळू कलती केली.

मासे बाहेर पडले आणि दिसेनासे झाले. उरकुडा पुढे वाकून पाहत होता. खूप वेळानं दूर उन्हात काहीतरी लकाकलं. "ते पाह्य," तो म्हणाला.  "ते पाह्य, ते पाह्य."

लोक पांगले. समीक्षा बाकीच्या किटल्या घेऊन पलीकडच्या काठाला गेली. वासुदेव पाण्यातच उभा होता. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून वाटी काढली आणि रिकाम्या किटलीच्या कडेवर तीनदा वाजवली.

पाण्यावर काही आलं नाही.

त्यानं पुन्हा वाजवली. थांबला. वाटी खिशात ठेवायला लागला.

"नवीन हाय ते," मागून उरकुडा म्हणाला. "त्याईले का माहीत? रोज येत जा. शिकतील."